मास्टर टेबलं सांभाळायला एकच वेब कंपोनंट, आणि तो परत परत वापरता येईल असा कसा बनवायचा

कुठलंही ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर उघडून बघा, त्यात मास्टर टेबलं, म्हणजे बाकीच्या नोंदी ज्यांतून निवड करतात अशा छोट्या याद्या, असतातच. मोजमापाची एककं, विभाग, कराचे प्रकार, रजेचे प्रकार, स्टेटस कोड, अशी दहा-पंधरा तरी निघतात. प्रत्येकाची स्क्रीन तीच असते, वर यादी, एक नवीन बटण, रो वर क्लिक केलं की फॉर्म, सेव्ह, डिलीट. आणि आपण करतो काय, तर पहिली स्क्रीन अगदी मन लावून लिहितो, दुसरी पहिलीवरून कॉपी मारतो, तिसरी दुसरीवरून. मी एका प्रोजेक्टवर अशा १४ स्क्रीन लिहिल्या होत्या, मग तारखेचा एक बग सापडला तो १२ ठिकाणी सुधारला आणि २ ठिकाणी राहून गेला, त्या दोन सहा महिन्यांनी कळल्या, तोपर्यंत चुकीच्या तारखा डेटाबेसमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि त्या शोधून नीट करायला जेवढे दिवस गेले तेवढ्यात हा कंपोनंट दोनदा लिहून झाला असता.

त्यानंतर मी एकच नियम धरून बसलोय: कंपोनंटला कुठलंही टेबल माहीत असता कामा नये, त्याला टेबल सांगावं लागलं पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीतून येतं.

फ्रेमवर्कचा (रिअॅक्ट, अँग्युलर असा तयार सांगाडा) कंपोनंट का नाही, असं कुणी विचारेल. चालतो की, टीम एकाच फ्रेमवर्कवर असेल तर बिनधास्त त्यातच करा. पण मास्टर स्क्रीन या गोष्टी फार जगतात, फ्रेमवर्क दोनदा बदललं तरी एककांचं टेबल तसंच असतं. वेब कंपोनंट ज्यावर उभा असतो ते कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग, हे ब्राउझरचं स्वतःचं आहे, क्रोममध्ये आवृत्ती ५४ पासून म्हणजे २०१६ पासून, सफारीत १०.१ पासून, फायरफॉक्समध्ये ६३ पासून, आणि २०२० च्या जानेवारीत एज क्रोमियमवर गेला तेव्हा तिथेही आलं. बिल्ड नको, काही इन्स्टॉल नको, जुन्या सर्व्हरवर बनणाऱ्या पानातही एक स्क्रिप्ट टाकली की टॅग चालतो.

आधी टेबलाचं वर्णन

एडिटर उघडून लगेच क्लास लिहायला घेऊ नका. आधी कागदावर ठरवा की एका टेबलाबद्दल कंपोनंटला काय काय सांगावं लागणार. मी एककांचं टेबल उदाहरण म्हणून घेतो, त्याचं वर्णन साधारण असं होईल:

टेबल: एकक
किल्ली: आयडी
आवृत्ती कॉलम: आवृत्ती
कॉलम कोड: मजकूर, हवाच, जास्तीत जास्त १० अक्षरं, नंतर बदलता येत नाही
कॉलम नाव: मजकूर, हवंच, जास्तीत जास्त ५० अक्षरं
कॉलम दशांश स्थानं: पूर्णांक, ० ते ६
कॉलम मूळ एकक: दुसऱ्या टेबलातून निवड, रिकामं चालेल
कॉलम चालू: हो-नाही

प्रत्यक्षात हे एक जेसन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर, असतं. आवृत्ती कॉलम कशाला ते सर्व्हरच्या भागात येईल. त्यातली किल्ली, म्हणजे प्रत्येक रो वेगळी ओळखणारा कॉलम, नेहमी यादी म्हणून ठेवा, एकच कॉलम असला तरी, कारण कधी ना कधी दोन कॉलमची किल्ली असलेलं टेबल येतंच आणि तेव्हा जर तुम्ही सगळीकडे आयडी आयडी लिहून ठेवलं असेल तर पूर्ण कंपोनंट उसवावा लागतो. मी उसवलाय, दोन दिवस गेले.

यातलं बरंचसं डेटाबेसच देतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर तिन्हीत इन्फर्मेशन स्कीमा नावाचे व्ह्यू आहेत, त्यातल्या कॉलम्स व्ह्यूमधून कॉलमचं नाव, डेटा टाइप, नल (किंमतच नसणं) चालतं का, डीफॉल्ट काय, अक्षरांची मर्यादा किती हे सगळं एका क्वेरीत मिळतं. ओरॅकलमध्ये ही सोय नाही, तिथे ऑल टॅब कॉलम्स बघावं लागतं, आणि एसक्यूलाइटमध्ये टेबल इन्फो प्रॅग्मा. पण डेटाबेसला हे माहीत नसतं की लोकांना दाखवायचं लेबल काय, कुठला कॉलम यादीत दाखवायचा आणि कुठला फक्त फॉर्ममध्ये, कोड एकदा दिल्यावर बदलू द्यायचा का. म्हणून दोन थर करा, खालचा थर डेटाबेसमधून आपोआप, वरचा थर माणसाने लिहिलेला छोटा जेसन, आणि सर्व्हरवर दोन्ही एकत्र करून कंपोनंटला द्या. वरच्या थरात फक्त फरक लिहायचा. सगळंच हाताने लिहिलं तर कॉलम वाढला की वर्णन मागे पडतं, सगळंच आपोआप केलं तर लोकांना लेबल म्हणून डेटाबेसमधली कॉलमची नावं अंडरस्कोअरसकट वाचावी लागतात.

लांबीबद्दल इथेच सांगतो कारण आपण देवनागरीत डेटा भरणारे लोक आहोत आणि आपल्याला हे हमखास लागतं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ५० म्हणजे ५० अक्षरं, आणि अक्षर म्हणजे युनिकोडचा एक एक कोड, त्यामुळे आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते 'क्षि' तिथे क, हलंत, ष, वेलांटी असं चार मोजलं जातं. ओरॅकलमध्ये डीफॉल्ट सेटिंगला ५० म्हणजे ५० बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट खातो, म्हणजे जेमतेम १६ कोड मावतात. इनपुटला नुसती ५० ची मर्यादा लावली तर फॉर्म खुशाल सेव्हला जातो आणि डेटाबेस एरर फेकतो. म्हणून वर्णनात लांबीबरोबर ती कोडमध्ये आहे की बाइटमध्ये हेही पाठवा आणि बाइट असेल तर टेक्स्ट एनकोडर वापरून मोजा.

आता टॅग

नावात आडवी रेघ लागतेच, त्याशिवाय ब्राउझर कस्टम एलिमेंट म्हणून घेत नाही. टेबल-एडिटर असं काहीतरी ठेवा. क्लास एचटीएमएल एलिमेंटवरून एक्स्टेंड करा. बिल्ट-इन टेबल टॅगवरूनच एक्स्टेंड करावा असा मोह होईल, तो टाळा, सफारी तो प्रकार सपोर्ट करत नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त शॅडो रूट, म्हणजे बाकी पानापासून वेगळा ठेवलेला एलिमेंटचा आतला भाग, जोडा आणि आतल्या व्हेरिएबल्सना सुरुवातीच्या किमती द्या, बाकी काही नको, अॅट्रिब्यूट वाचणं नको, सर्व्हरला हाक नको. ते सगळं कनेक्टेड कॉलबॅकमध्ये, म्हणजे एलिमेंट पानावर आलं की ब्राउझर जे फंक्शन चालवतो त्यात. आणि लक्षात ठेवा की एलिमेंट पानावर एका जागेवरून दुसरीकडे हलवलं की डिसकनेक्टेड आणि मग परत कनेक्टेड असे दोन्ही कॉलबॅक चालतात, म्हणजे तिथे लिसनर लावत असाल तर तो दोनदा लागू शकतो. मी कनेक्टेडमध्ये एक अॅबॉर्ट कंट्रोलर, म्हणजे चालू कामं एका सिग्नलने थांबवणारी वस्तू, बनवतो, त्याचा सिग्नल सगळ्या लिसनरना आणि डेटाच्या सगळ्या मागण्यांना देतो, आणि डिसकनेक्टेडमध्ये एकदा अॅबॉर्ट म्हणतो, सगळं एका ओळीत साफ होतं.

साध्या गोष्टी, म्हणजे पानावर किती रो दाखवायच्या, फक्त वाचायचं आहे का, या अॅट्रिब्यूटने द्या. टेबलाचं वर्णन आणि डेटा मात्र प्रॉपर्टीने, कारण अॅट्रिब्यूट म्हणजे नुसता मजकूर, त्यात जेसन कोंबायचा आणि दर वेळी परत सोडवायचा हे दोन्हीकडून त्रासाचं.

इथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. पानावरच्या कोडने प्रॉपर्टी आधी सेट केली आणि तुमची स्क्रिप्ट नंतर लोड झाली तर काय होतं? तेव्हा टॅग अजून साधाच असतो, त्यामुळे वर्णन ही प्रॉपर्टी थेट त्या एलिमेंटवर चिकटते, आणि नंतर क्लास आला तरी ती चिकटलेली प्रॉपर्टी तुमच्या सेटरला, म्हणजे प्रॉपर्टीला किंमत दिली की चालणाऱ्या फंक्शनला, झाकून टाकते. सेटर कधी चालतच नाही, स्क्रीन कोरी, कन्सोलमध्ये एररही नाही, माणूस तासभर डोकं धरून बसतो. उपाय सोपा आहे, कनेक्टेड कॉलबॅकमध्ये बघा की ती प्रॉपर्टी एलिमेंटवर स्वतःची म्हणून बसलीय का, असेल तर किंमत काढून घ्या, प्रॉपर्टी डिलीट करा, आणि तीच किंमत परत सेट करा, आता ती सेटरमधून जाते.

सेटरमध्ये लगेच रेंडर करू नका. वर्णन, रो, फिल्टर असं तीन गोष्टी लागोपाठ सेट झाल्या तर तीनदा सगळं रंगवण्यात अर्थ नाही. एक खूण ठेवा की रेंडर बाकी आहे, क्यू मायक्रोटास्कमध्ये टाका, सगळे सेटर संपल्यावर एकदाच होईल.

रो आणि इनपुट

पहिल्यांदा बनवताना मी म्हटलं प्रत्येक रो पण एक कस्टम एलिमेंट करू, दिसायला किती छान. पण एचटीएमएलमध्ये टेबल टॅगच्या आत टीआरच्या जागी दुसरा कुठला टॅग लिहिला तर पार्सर तो उचलून टेबलाच्या बाहेर, वर नेऊन ठेवतो. टेबल रिकामं आणि सगळा मजकूर त्याच्या डोक्यावर. त्यामुळे आत साधे टीआर आणि टीडीच वापरा, टीबॉडीवर एकच क्लिक लिसनर लावा आणि क्लोजेस्ट वापरून कुठल्या रोवर क्लिक झालं ते काढा. रो वाढल्या, कमी झाल्या तरी लिसनरकडे बघावं लागत नाही.

सेलमध्ये किंमत टाकताना टेक्स्ट कंटेंटच, इनर एचटीएमएल कधीही नाही. नावाच्या कॉलममध्ये कुणी स्क्रिप्ट असलेला टॅग सेव्ह केला तर तो पुढच्या प्रत्येक माणसाच्या ब्राउझरमध्ये चालेल, आणि मास्टर टेबलं बहुतेक वेळा अॅडमिनच उघडतो, म्हणजे नुकसान सगळ्यात मोठं.

मग डेटा टाइपवरून इनपुट निवडायचा एक नकाशा ठेवा. मजकूर, लांब मजकूर, पूर्णांक, दशांश, तारीख, हो-नाही, निवड, एवढ्या सात प्रकारांत जवळपास सगळं बसतं. प्रत्येक प्रकाराला तीन गोष्टी लागतात, सेलमध्ये कसं दाखवायचं, इनपुट कसं बनवायचं, आणि इनपुटमधून किंमत परत कशी काढायची. तिसरी गोष्ट वेगळी ठेवा, सगळे खरे बग तिथेच राहतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

रिकामा मजकूर आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्ममध्ये दोन्ही सारखेच दिसतात, रिकामा डबा. माणसाने नुसता फॉर्म उघडला, काही न बदलता सेव्ह केलं, आणि नल होता तिथे रिकामा मजकूर गेला तर युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा चालत नाही असा नियम) असलेल्या कॉलमवर दुसऱ्याच रोला एरर येईल, कारण पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये युनिक कॉलममध्ये नल कितीही चालतात पण रिकामा मजकूर एकदाच चालतो. मी असं ठरवलंय: कॉलमला नल चालत असेल तर रिकामा डबा म्हणजे नल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या डब्याला हात लागला नाही तो पाठवायचाच नाही.

हो-नाही कॉलमला नल चालत असेल तर चेकबॉक्स वापरू नका. इंडिटर्मिनेट अवस्था असते खरी, पण माणसाने एकदा क्लिक केलं की तिच्यात परत जायची सोय नसते. तीन पर्यायांचा ड्रॉपडाउन द्या, हो, नाही, माहीत नाही.

मोठे आयडी मजकूर म्हणूनच आणा. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक सांभाळतो. सर्व्हरने जेसनमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ नंबर म्हणून पाठवला तर ब्राउझरमध्ये शेवटचा ३ जाऊन २ होतो, आणि मग तुम्ही डिलीट करता ती दुसरीच रो असते. पैशांच्या आणि दशांशाच्या कॉलमचंही तेच, ०.१ आणि ०.२ ची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये ०.३०००००००००००००००४ येते हे सगळ्यांना माहीत आहे तरी लोक रक्कम नंबर म्हणून फिरवतात. कंपोनंटला बेरीज करायचीच नाहीये, मजकूर आला, मजकूर दाखवला, मजकूर परत पाठवला.

त्यासाठी इनपुटही टाइप नंबर नको. त्यात चुकीचं काही टाइप केलं तर व्हॅल्यू म्हणून रिकामा मजकूर मिळतो, म्हणजे माणसाने काही लिहिलंच नाही की चुकीचं लिहिलं हे व्हॅल्यूवरून कळत नाही, आणि वरच्या नियमाने तो नल होऊन बसेल. साधा टेक्स्ट इनपुट घ्या आणि इनपुटमोड डेसिमल द्या, मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड येतो. आणि कुणी १२ असं देवनागरीत टाइप केलं तर जावास्क्रिप्ट त्याला नंबर मानत नाही, म्हणून तपासण्याआधी देवनागरी अंक बदलून घ्या, दोन ओळींचं काम आहे, पण मराठी कीबोर्ड चालू ठेवून दिवसभर डेटा भरणाऱ्या माणसाला दर आकड्याला कीबोर्ड बदलावा लागत नाही.

तारीख. माझ्या त्या १४ स्क्रीनमधला बग हाच होता. डेट इनपुटची व्हॅल्यू वर्ष-महिना-दिवस असा मजकूर असते, डेटाबेसचा डेट कॉलमही तेवढंच ठेवतो, मग मधे जावास्क्रिप्टचं डेट ऑब्जेक्ट आणायचं कारणच नाही. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे देऊन ते बनवलं की स्थानिक मध्यरात्र धरली जाते, टू आयएसओ स्ट्रिंग केलं की यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलते, आणि यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रत्येक टाइमझोनमध्ये एक दिवस मागची तारीख जाते. उलट बाजूने, नुसती तारीख मजकूर म्हणून डेट ऑब्जेक्टला दिली तर ती यूटीसीतली मध्यरात्र समजली जाते, मग यूटीसीच्या मागच्या टाइमझोनमध्ये दाखवताना एक दिवस कमी. मजकूर तो मजकूरच राहू द्या, दाखवताना फक्त तुकडे पाडून दिवस-महिना-वर्ष असा क्रम लावा.

एंटर दाबल्यावर सेव्ह आणि एस्केपवर रद्द ही सोय नक्की द्या, रोज शंभर रो भरणारी माणसं असतात. पण की-डाउनमध्ये इज कंपोजिंग तपासा, कारण रोमन अक्षरांवरून मराठी टाइप करणाऱ्या काही कीबोर्डमध्ये शब्द पक्का करायला एंटर दाबतात, तुम्ही तिथेच सेव्ह केलंत तर अर्धा शब्द डेटाबेसमध्ये.

बाहेरच्या जगाशी बोलणं

कंपोनंटने स्वतः फेच, म्हणजे थेट सर्व्हरकडे मागणी, करू नये असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लॉगिनचा टोकन वेगळा, यूआरएल वेगळे, एररचा आकार वेगळा, हे सगळं आत आलं की परत वापरण्याची गोष्टच संपली. सुरुवातीला मी सगळं इव्हेंटने केलं होतं, सेव्ह दाबलं की एक कस्टम इव्हेंट, बाहेरच्याने ऐकावं आणि सेव्ह करावं. पण सेव्हला उत्तर लागतं, झालं की नाही, नाही तर का नाही, नवीन आयडी काय मिळाला, आणि इव्हेंट उत्तर आणत नाही. म्हणून आता डेटासोर्स नावाची एक प्रॉपर्टी ठेवतो, त्यात चार फंक्शन: आण, घाल, बदल, काढ. चारही प्रॉमिस, म्हणजे थोड्या वेळाने येणाऱ्या उत्तराची हमी, परत करतात. कंपोनंट फक्त हाक मारतो आणि थांबतो. टेस्ट करतानाही हे फार सोयीचं पडतं, चार खोटी फंक्शन दिली की सर्व्हरशिवाय सगळी स्क्रीन चालते.

इव्हेंट मग फक्त खबर द्यायला, रो सेव्ह झाली, रो निवडली. ते बबल आणि कंपोज्ड दोन्ही चालू ठेवून पाठवा, कंपोज्ड नसेल तर शॅडो रूटच्या आतल्या बटणावरून उडवलेला इव्हेंट बाहेर येतच नाही.

'आण' ला पान, क्रम, शोध या गोष्टी द्या आणि सिग्नलही द्या. माणूस शोधच्या डब्यात भराभर टाइप करतो, पहिल्या अक्षराचं उत्तर तिसऱ्या अक्षराच्या उत्तरानंतर पोचतं, आणि यादी जुनी दिसते. नवीन मागणी निघाली की जुनी अॅबॉर्ट करा.

'बदल' ला तीन गोष्टी द्या: किल्ली, बदललेले कॉलम तेवढेच, आणि रो उघडली तेव्हाची आवृत्ती. यासाठी फॉर्म उघडताना मूळ रोची एक प्रत बाजूला ठेवा, कच्च्या प्रतीवर बदल करा, सेव्हला दोघांची तुलना करा. काहीच बदललं नसेल तर सर्व्हरकडे जाऊच नका.

सर्व्हरची बाजू

कंपोनंट कितीही चांगला असला तरी सर्व्हरला वाटलं पाहिजे की समोरून काहीही येऊ शकतं. टेबलाचं आणि कॉलमचं नाव ब्राउझरकडून येतंय, आणि क्वेरीतल्या पॅरामीटरमध्ये किमती बांधता येतात पण टेबलाची, कॉलमची नावं बांधता येत नाहीत, ती क्वेरीच्या मजकुरातच जातात. म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनचा (आपल्या क्वेरीत दुसऱ्याने स्वतःचा हुकूम घुसवण्याचा) दरवाजा नेमका इथेच उघडा राहतो, क्रम लावायच्या कॉलमच्या नावातसुद्धा. उपाय एकच, सर्व्हरवर असलेल्या वर्णनांची यादी हीच परवानगीची यादी. आलेलं नाव त्यात शोधा, सापडलं तर यादीतलं नाव वापरा, आलेलं नाही, आणि नाही सापडलं तर सरळ नकार. नंतर बदलता येत नाही असं ज्या कॉलमवर लिहिलंय तो आला तर तोही नाकारा, इनपुट डिसेबल केलं म्हणजे काम झालं असं नाही.

आता आवृत्ती. दोन माणसांनी एकच रो उघडली, पहिल्याने नाव सुधारून सेव्ह केलं, दुसऱ्याने दहा मिनिटांनी जुन्याच रोवर सेव्ह केलं, पहिल्याची मेहनत गेली आणि कुणाला कळलंही नाही. म्हणून अपडेट करताना अटीत किल्ली आणि आवृत्ती दोन्ही घाला, आणि त्याच अपडेटमध्ये आवृत्ती एकने वाढवा. किती रो बदलल्या ते बघा, शून्य आलं तर कुणीतरी मधे हात लावलाय किंवा रो डिलीट झालीय, ४०९, म्हणजे 'दोन बदल एकमेकांशी भिडले' सांगणारा एचटीटीपी कोड, परत करा आणि सोबत रोची आताची अवस्था पाठवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रो-व्हर्जन टाइप हे काम आपोआप करतो. शेवटी बदल झाल्याची वेळ आवृत्ती म्हणून वापरायचा मोह होतो, पण मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम काही सांगितलं नाही तर सेकंदापुरताच असतो, एकाच सेकंदात दोन बदल झाले तर पकडले जात नाहीत. साधा पूर्णांक बरा.

४०९ आला की कंपोनंटने काय करायचं यावर वेळ घाला, बहुतेक लोक इथे नुसता 'एरर आला' दाखवून मोकळे होतात आणि माणसाने टाइप केलेलं सगळं जातं. फॉर्म तसाच उघडा ठेवा, जे कॉलम दोघांनी बदलले तेवढ्यांच्या खाली 'आता डेटाबेसमध्ये असं आहे' म्हणून नवीन किंमत दाखवा, माणसाला निवडू द्या. वेगवेगळे कॉलम बदलले असतील तर वाद तसा नसतो, पण तरी दाखवून विचारा, गुपचूप एकत्र करू नका.

बाकीच्या एररही माणसाच्या भाषेत आणा. पोस्टग्रेस २३५०५ देतो तेव्हा युनिकचा नियम मोडलाय, २३५०३ ला फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोशी असलेली जोडणी), २३५०२ ला नल चालत नसताना नल. मायएसक्यूएलमध्ये डुप्लिकेटला १०६२. सर्व्हरवर हे ओळखून कंपोनंटला कॉलमचं नाव आणि कारण द्या, मग 'हा कोड आधीच वापरलाय' हे वाक्य कोडच्या डब्याखालीच दिसतं.

डिलीट. एकक जर वस्तूंच्या टेबलात वापरलेलं असेल तर फॉरेन की ते अडवेल आणि अडवायलाच हवं. अशा वेळी माणसाला नुसतं नाही म्हणू नका, कुठल्या टेबलात किती ठिकाणी वापरलंय ते सांगा आणि 'डिलीटऐवजी बंद करायचं का' हा पर्याय तिथेच द्या, वर्णनात चालू कॉलम असेल तर. बंद केलेली एककं नवीन नोंदीच्या ड्रॉपडाउनमध्ये येणार नाहीत पण जुन्या नोंदीत नाव दिसत राहील. आणि ड्रॉपडाउन बनवताना हे विसरू नका: आधीच निवडलेलं एकक आता बंद असेल तर ते यादीत घालावंच लागतं, नाहीतर फॉर्म उघडताच निवड रिकामी होते आणि सेव्हला नल जातो.

पानं पाडताना क्रमाच्या शेवटी किल्ली जोडाच. नुसत्या नावावर क्रम लावला आणि दोन रोंचं नाव सारखं असेल तर डेटाबेस त्या दोघींना दर वेळी त्याच क्रमाने देईल याची खात्री नसते, एक रो दोन्ही पानांवर दिसते आणि दुसरी कुठेच नाही. दोनशे-तीनशे रोंचं टेबल असेल तर पानं कशाला, सगळं एकदम आणा.

दिसणं

शॅडो डॉममुळे पानाची स्टाइल आत शिरत नाही, हे वरदानही आहे आणि तक्रारही इथूनच येते. फॉन्ट आणि रंग वारशाने आत येतात, बाकीसाठी सीएसएस व्हेरिएबल ठेवा, कडेचा रंग, सेलमधली जागा, निवडलेल्या रोचा रंग, पाच-सहा पुरतात. त्याहून जास्त हवं असेल त्यांच्यासाठी बटणाला आणि डोक्याच्या ओळीला पार्ट नाव द्या, म्हणजे बाहेरच्या सीएसएसला त्यांना गाठता येईल. लेबल आणि इनपुट एकाच शॅडो रूटमध्ये असू द्या, आयडीने जोडलेली लेबलं शॅडोची भिंत ओलांडत नाहीत आणि स्क्रीन रीडरवाल्या माणसाला मग प्रत्येक डबा निनावी ऐकू येतो. ज्या कॉलमवर क्रम लावलाय त्याच्या टीएचवर एरिया-सॉर्ट लावा. सेव्ह झाल्यावर फोकस परत त्याच रोवर न्या, हे फार लोक विसरतात, आणि कीबोर्डवर काम करणाऱ्याला दर सेव्हनंतर पानाच्या वरून सुरुवात करावी लागते.

वापरायला द्यायच्या आधी

मुद्दाम एक वाईट टेबल बनवा. दोन कॉलमची किल्ली, त्यातला एक मोठा पूर्णांक, नल चालणारा हो-नाही कॉलम, स्वतःच्याच टेबलाकडे बोट दाखवणारी फॉरेन की, एक तारीख, एक दशांश, नावात कोनाच्या कंसातला मजकूर. त्यावर घाला, बदला, काढा, मग दोन खिडक्यांत एकच रो उघडून भांडण लावा, मग कॉम्प्युटरचा टाइमझोन बदलून तारखेची रो परत उघडा. शून्य रो असतानाही बघा, पहिल्याच दिवशी प्रत्येक टेबल तसंच असतं आणि तेव्हा कोरी पांढरी चौकट दिसण्यापेक्षा 'अजून एकही नोंद नाही' आणि नवीन बटण दिसलं पाहिजे.

मग दुसरं टेबल जोडा, तिसरं जोडा. मधे कुठेतरी कुणीतरी येऊन म्हणेल की फक्त या एका टेबलाला दोन कॉलम एकत्र तपासायचेत, सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेच्या आधी हवी. पटकन कंपोनंटच्या आत टेबलाचं नाव तपासणारी एक अट टाकावीशी वाटेल, पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी वर्णनात 'तपासणी' नावाची नवीन जागा करा, रो घेऊन एररची यादी परत देणारं फंक्शन, आणि पानाकडून द्या, जेसनमधून फंक्शन येणार नाही म्हणून ते प्रॉपर्टीनेच द्यावं लागेल, आणि तीच तपासणी सर्व्हरवरही लिहावी लागेल. अर्धा दिवस जातो. मी प्रत्येक रिलीजच्या आधी कंपोनंटच्या फाइलमध्ये आपल्या सगळ्या टेबलांची नावं शोधून बघतो, एक जरी सापडलं तर ती अट वर्णनात हलवतो आणि मगच पुढे पाठवतो.